फिजिओथेरपी सेंटर आणि तेही पहिल्या मजल्यावर! तरी ४ स्टार देतेय

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे, घाई असेल तर खाली फी आणि वेळ लिहिलीय तेवढं वाचा. मला हा पहिल्याच दिवशी लिहायचा होता पण इथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, काकू आत्ता नको, आत्ता लिहाल तर रागात लिहाल. खरं होतं ते. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच होतं, की मोडक्या पायांच्या पेशंटसाठीचं सेंटर ज्याने लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर काढलं त्याला एकदा वॉकर हातात देऊन या २१ पायऱ्या चढायला लावायच्या. मी, आमचे मिस्टर आणि रिक्षावाला असे तिघं खाली उभे राहून दहा मिनिटं वर हाका मारत होतो. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याने फोन केला तेव्हा वरून दोन मुलं खुर्ची घेऊन आली आणि मला देवीच्या पालखीसारखं वर नेलं. लाजेने मेले होते मी. नंतर कळलं की हे सेंटर आधी तळमजल्यावरच होतं, २०१९ च्या पुरात सगळी मशिनं पाण्यात गेली, परत खाली मांडणार तोवर २०२१ ला पुन्हा पाणी, मग त्यांनी वरचा गाळा घेतला. आता सांगलीत राहून यावर कोण काय बोलणार. आमच्या स्वतःच्या घरी २०१९ ला कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत पाणी होतं. पण तरी एक स्टार मी कापलाच आहे, तो या जिन्याचाच.

पाय कसा मोडला ते थोडक्यात. ऑगस्ट २०२२, पाऊस, संध्याकाळ. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, कॅश जुळवून घरी निघाले, पाइपलाइनसाठी खणून नुसत्या मातीने बुजवलेली चर होती त्यात स्कूटीचं पुढचं चाक रुतलं आणि गाडी उजव्या पायावर. खाली बघितलं तर पाऊल भलतीकडेच वळलेलं. नडगीची दोन्ही हाडं, घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर, आणि मोठ्या हाडाचं टोक कातडी फोडून बाहेर. मिरजेला नेलं (आम्हा सांगलीकरांना काही मोठं झालं की मिरज ठरलेली), जखम धुतली, मोठ्या हाडात रॉड आणि वर दोन खाली दोन असे चार स्क्रू. बारीक हाड तसंच सोडलं, ते आपलं आपण जुळतं म्हणाले आणि जुळलंसुद्धा. सहाव्या दिवशी घरी. ऑपरेशनबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते आणि त्याबद्दल कुणी काही सांगतच नाही. भेटायला येणारा माणूस दोनच प्रश्न विचारतो, टाके किती पडले आणि तीन महिन्यात चालाल ना. तीन महिने कुठून आले काय माहीत, प्रत्येकाच्या तोंडात तीन महिनेच.

सुरुवातीला आम्ही एक चूक केली. घरी येऊन फिजिओ करणारे एक जण कुणीतरी सुचवले. ते यायचे, पायाला करंटच्या मशीनचे पॅड चिकटवायचे, वीस मिनिटं मोबाईल बघायचे, पॅड काढायचे, पाचशे रुपये. व्यायाम काय तर घोटा वरखाली करा, तोही मी करतेय का नाही ते बघायचे नाहीत. ३० व्हिजिट म्हणजे १५,००० रुपये गेले. मला वाटायचं मुंग्या येतात म्हणजे आत काहीतरी चाललंय. आणि मी भित्री, पाय उशीवर ठेवून तसाच सरळ ताठ, गुडघा वाकवला तर रॉड मोडेल असं मनात बसलेलं. नोव्हेंबरात सर्जननी बघितलं तर म्हणाले हाडाचं नंतर बघू, आधी हा गुडघा का आखडलाय. आणि तिथून या सेंटरला पाठवलं.

तर पहिला दिवस. खुर्चीतून वर नेलं, टेबलावर झोपवलं, आणि मी वाट बघतेय आता मशीन लावतील. मशीन नाहीच. मॅडमनी (आमच्या पोरीच्या वयाच्या असतील, पण मी मॅडमच म्हणते) कोनमापकासारखं एक प्लास्टिकचं लांब दांड्याचं साधन काढलं, गुडघ्याला लावलं आणि मोठ्याने आकडा सांगितला, ७५, म्हणजे गुडघा ७५ अंशच वाकतो. मग घोटा. पाऊल नडगीशी काटकोनात येतं तो शून्य धरतात, माझं पाऊल तिथंपर्यंतसुद्धा येत नव्हतं, पाच अंश कमी. मग टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या, डावी साडेतेहतीस सेंटीमीटर, उजवी एकोणतीस. हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलं आणि वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या ही तुमच्याकडे ठेवायची, रोज आणायची, घरी जे कराल ते लिहायचं, जे केलं नाही तेही लिहायचं.

मी कॅशियर. बावीस वर्षं दिवसाच्या शेवटी रुपयान् रुपया जुळवलाय. मला त्या वहीनेच पटवलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पायाबद्दल कुणीतरी मला आकडा सांगितला होता, नाहीतर सगळे आपले "सुधारतंय हो सुधारतंय".

मग विचारलं, तुम्हाला काय करायचंय. मी म्हटलं चालायचंय, दुसरं काय. तर म्हणाल्या असं नाही, नक्की काय काय करायचंय ते सांगा. मी विचार करून सांगितलं: कॅश काउंटरला उभं राहता आलं पाहिजे, घरातल्या देशी संडासात बसता आलं पाहिजे, आणि पुढच्या गौरी मी आणणार. त्या वर्षी पाय मोडून तीन आठवडे झाले होते तेव्हा गौरी आल्या, जाऊबाईंनी आणल्या आणि मी कॉटवरून बघत होते. मॅडमनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: काउंटर, संडास, गौरी. मी विचारलं किती दिवस लागतील, तर म्हणाल्या, "काकू, सहा महिन्यांत पळायला लावतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला माझ्याकडे आणा, मलाही शिकायचंय." आणि वर्ष धरून चला म्हणून सांगितलं. मला राग आला होता तेव्हा. आता वाटतं हा एकच माणूस खरं बोलला.

का वेळ लागतो तेही नीट समजावलं. नडगीला हात लावून बघा म्हणाल्या, कातडीखाली लगेच हाड लागतं, मांस नाहीच, आणि खालच्या भागात तर आणखी कमी, जिथे मांस कमी तिथे रक्त कमी पोचतं आणि जिथे रक्त कमी तिथे हाड धरायला वेळ लागतो. त्यात माझं हाड बाहेर आलेलं. मांडीचं हाड एवढं मोठं असून त्याला भोवतीने मांसाची गादी असते, तशी नडगीला नाही. आणि पहिल्याच दिवशी विचारलं, तंबाखू, मिश्री काही? मला हसू आलं, पण माझ्या नंतर आलेल्या आजीला तोच प्रश्न विचारला आणि आजी म्हणाली, "मिश्री म्हंजी काय तंबाखू न्हवं बाई, दात घासायची हाय ती." मग मॅडमनी आजीला दहा मिनिटं घेतली. त्यातल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड जुळणं लांबतं हे मला तिथे बसून कळलं. आजीने सोडली का नाही माहीत नाही, डबी मात्र मॅडमच्या ड्रॉवरमध्ये बरेच दिवस होती.

व्यायाम असे काही खास नसतात, यूट्यूबवर सगळे आहेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि दहा आकडे धरायचे, पाय सरळ उचलायचा, टाच गादीवरून सरकवत ढुंगणाकडे आणायची, रबराच्या पट्ट्याने पाऊल ओढायचं. फरक हा की इथे कुणीतरी शेजारी उभं राहून बघतं. मी मांडीच्या ऐवजी कंबर उचलून फसवायचे, ते दुसऱ्या मिनिटाला पकडलं. गुडघा वाकवतानाचे पहिले दोन आठवडे मी अक्षरशः ओरडलेय, शेजारच्या पडद्याआड कुस्तीच्या तालमीतला एक पोरगा गुडघ्याचं लिगामेंट घेऊन आलेला, तो तिकडून मोठ्याने माझे आकडे मोजायचा, "आठ... नऊ... काकू अजून एकच, सोडू नका, चितपट करा." त्याच्यामुळे मी किती वेळा दहाचे बारा केलेत. डिसेंबरच्या शेवटी गुडघा ११० ला आला.

मशीन आहेत त्यांच्याकडे, नाही असं नाही, पण शेवटी दहा मिनिटं, आणि तेही रोज नाही. एकदा मी हट्ट केला की शेजारणीच्या गुडघ्याला ते खोलवर शेक देणारं डायथर्मीचं मशीन लावता तसं मलाही लावा, तिला किती बरं वाटतं. तर म्हणाल्या तुमच्या पायात धातू आहे, त्याच्यावर ते मशीन चालत नाही, रॉड आतून तापतो. भिंतीवर पाटीच आहे, शरीरात रॉड, प्लेट, पेसमेकर असेल तर आधी सांगा. मी तीन आठवडे त्या पाटीखाली बसत होते आणि वाचली नव्हती.

वजन टाकायचं कसं ते मला सगळ्यात आवडलं. सर्जनच्या चिठ्ठीवर अर्धवट वजन असं लिहिलेलं. आता अर्धवट म्हणजे किती? इथे वजनकाटा आणला, डावा पाय तेवढ्याच उंचीच्या फळीवर, उजवा काट्यावर, आणि म्हणाल्या काटा १० दाखवेपर्यंत दाबा, आणि ते दाबणं पायाला लक्षात ठेवायला सांगा. माझं वजन ६४. दहा, मग पंधरा, वीस. मी घरी पण आमचा काटा बाथरूमबाहेर आणून तेच करत बसायचे. पायाला वजन लक्षात राहतं हे मला खरं वाटलं नव्हतं, पण राहतं. वॉकरवरून कोपराच्या कुबड्यांवर आले तेव्हा मुठीची उंची मनगटाच्या रेषेत आणि कोपर थोडं वाकलेलं अशी लावून दिली. घरी आधी आणलेल्या काखेतल्या कुबड्या होत्या त्या परत करायला लावल्या, कारण मी सगळं वजन काखेवर टाकत होते आणि हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. काखेतली नस दबते म्हणे त्याने. आणि जिना! चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे मी त्यांच्याच २१ पायऱ्यांवर शिकले. १६ डिसेंबरला वहीत लिहिलंय: आज खुर्ची नाही, स्वतः चढले, ११ मिनिटं.

आणि मग जानेवारी. पाच महिन्यांचा एक्सरे, आणि त्यात फट तशीच्या तशी. थोडा धुरकट ढग, म्हणजे नवं हाड, दिसत होता एका बाजूला, बस. मी त्या दिवशी सेंटरला गेले नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही, तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. मी म्हटलं काय उपयोग, हाडच धरत नाही तर गुडघा वाकवून काय करू. त्या काही समजूत घालत बसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या वहीत तीन दिवस रिकामे गेले का ते लिहा आणि उद्या या. मी चिडून मोठ्या अक्षरात "हाड धरत नाही म्हणून" असं लिहिलं. ते पान आहे अजून.

सर्जननी रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व ११ निघालं, फारच कमी. सांगलीच्या उन्हात राहून! आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दुधातून सुरू झाली. आणि म्हणाले वरच्या दोन स्क्रूंपैकी एक काढू. मला वाटलं काय चेष्टा आहे, हाड धरत नाही आणि हे अजून ढिलं करतायत. इथे येऊन विचारलं तर मॅडमनी टेबलाच्या ड्रॉवरवर दाखवलं. चारही स्क्रू असले की हाडाची दोन टोकं होती त्याच अंतरावर अडकून राहतात, जवळ येऊच शकत नाहीत, वरची एक कडी काढली की उभं राहिल्यावर टोक टोकावर थोडं दाबतं, आणि हाडावर दाब आला की हाड बनतं. म्हणजे आता चालणं हेच औषध. छोटं ऑपरेशन होतं, त्याच दिवशी घरी. त्यानंतर काट्यावरचे आकडे पटापट वाढवायला सांगितले, ३०, ४०, ५०. पूर्वी मी चालायला घाबरायचे, आता चाललं नाही तर हाड धरणार नाही म्हणून घाबरायला लागले, ही भीती तशी उपयोगी निघाली.

या काळात घरात हाडजोडीची भाजी, नाचणी, बकऱ्याचे पाये, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, सगळं येऊन गेलं. सासूबाईंच्या माहेरच्या हाडवैद्याचा लेप पण येणार होता, तो मी जखमेचं कारण सांगून थांबवला. मॅडमना विचारलं पायाचं सूप पिऊ का, तर म्हणाल्या प्या की, सूपच आहे, पण डाळ, अंडी, दूध सोडू नका, आणि ते पिलं म्हणून व्यायाम सुटणार नाही. त्या वेळात माझं वजन तीन किलो वाढलं, ते मात्र काट्यावर स्वच्छ दिसायचं.

मार्चात कामावर परत गेले, अर्धा दिवस. काउंटरला उंच स्टूल घेतलं. काउंटरवर टिक केली वहीत, जरी बसून असलं तरी. त्याच महिन्यात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझ्या मैत्रिणी कोल्हापूरला अंबाबाईला जाऊन आल्या, मी एसटीची पहिली पायरी बघूनच रिक्षा करत होते. ती पायरी किती उंच असते ते धडधाकट माणसाला कधी कळत नाही. सेंटरमध्ये सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन लाकडी खोकी एकावर एक ठेवली आणि म्हणाल्या ही तुमची एसटी. महिनाभर मी त्या खोक्यांवर चढले. एप्रिलच्या शेवटी खरी एसटी पकडली, कंडक्टरने हात दिला, मी नको म्हटलं आणि मग घेतला.

जूनमध्ये एक्सरे, दहा महिने झाल्यावर. चारपैकी तीन बाजूंनी हाड धरलंय म्हणाले, याला जुळलं म्हणतात. मी तो एक्सरे घेऊन थेट सेंटरला आले, मॅडम खिडकीला धरून बघत होत्या, कुस्तीवाला पोरगा तोवर बरा होऊन गेलेला, तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका होते, त्यांचा घोटा होता, ते म्हणाले, "ताई, छाटणीनंतर काडी फुटायला लागली की आम्हाला असंच वाटतं." पेढे वाटले मी. त्यातला पहिला आजीला, मिश्रीच्या.

पण लोकांना वाटतं एक्सरे चांगला आला की संपलं. तिथे तर दुसरा हप्ता सुरू होतो. हाड जुळलं पण पोटरी गेलेली होती. एका पायावर उभं राहून टाच उचलायची, एवढीच परीक्षा. मे महिन्यात उजव्या पायावर शून्य. म्हणजे मेंदू सांगतोय उचल आणि टाच जमिनीला चिकटलेली, हा प्रकार फार विचित्र असतो. संध्याकाळी घोटा सुजून चपलेचा पट्टा रुतायचा, वर्षभर सुजेल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. चपला बंद केल्या, साडीवर बूट घालायला लागले, पतसंस्थेत सगळे हसले, आता आमच्या दोन सहकारी पण घालतात. संध्याकाळी आमराई बागेत चालायचे, आधी एक फेरी, मग दोन. पावसाळ्यात तिथली फरशी ओली दिसली की माझे पाय थांबायचे, ती चरच दिसायची. यावर सेंटरवाल्यांनी मऊ गादीवर एका पायाने उभं करून बाजूने हळूच धक्के द्यायचा व्यायाम दिला. धक्का बसला तरी पाय सावरतो हे पन्नास वेळा बघितल्यावर भीती थोडी मागे गेली. स्कूटी मात्र अजून चालवत नाही. ते जमेल तेव्हा जमेल.

गौरी. २०२३ ला अधिक श्रावण होता म्हणून गणपतीच १९ सप्टेंबरला आले, मला फुकटात तीन आठवडे जास्त मिळाले, मी पंचांगाला हात जोडले होते. ऑगस्टपासून आम्ही त्याचीच तालीम करत होतो, हे ऐकायला वेडगळ वाटेल पण खरं आहे. हातात दोन किलोची पिशवी मुखवट्यासारखी धरायची आणि हॉलभर हळू चालायचं, मधे थांबायचं, उंबऱ्याइतकी फळी ओलांडायची. वाकून रांगोळीची पावलं काढायची. इथे अडलं. माझा रॉड गुडघ्याच्या वाटीच्या खालून आत घातलेला, त्यामुळे गुडघा टेकला की सुई टोचल्यासारखं होतं, आणि हे बऱ्याच लोकांना राहतं म्हणाल्या, पूर्ण जाईल असं वचन देत नाही. मग छोट्या स्टुलावर बसून पावलं काढायची असं ठरलं. २१ तारखेला तुळशीपासून घरात मी गौरी आणल्या. जाऊबाई मागून ताट वाजवत होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष माझ्या पायाकडे. दुसऱ्या दिवशी पुरणाला अडीच तास उभी होते, रात्री पाय भोपळ्यासारखा सुजला, बर्फ लावला. वहीत टिक केली.

संडासचं लिहायचं राहिलं. उकिडवं बसायला घोटा भरपूर वर यावा लागतो आणि माझा घोटा अजूनही डाव्यापेक्षा कमी येतो. ऑक्टोबरपर्यंत प्रयत्न केला, टाच टेकत नाही आणि मी मागे पडते. शेवटी मॅडमच म्हणाल्या काकू कमोड बसवून घ्या, यात हरण्यासारखं काही नाही. बसवला. सासूबाई आधी नाक मुरडत होत्या, आता त्याच जास्त वापरतात. मांडी मात्र घालता येते, पंधरा-वीस मिनिटं, जेवणापुरती.

आता तक्रारी, कारण नुसतं गोड लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. जिना झालाच. सेंटरमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत फक्त देशी संडास होता, हाडांच्या पेशंटच्या ठिकाणी! मी वहीच्या मागच्या पानावर तक्रार लिहून दिली, आणखी चार जणांच्या सह्या घेतल्या, मग कमोड आला. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, अपॉइंटमेंट घेऊनही वीस-पंचवीस मिनिटं बसावं लागतं आणि खुर्च्या बुटक्या आहेत, मोडक्या पायाने त्यातून उठणं हाच एक व्यायाम. शिकाऊ मुलं दर सहा महिन्यांनी बदलतात, नवीन आलेल्या मुलाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, एकाने तर वही न बघता डाव्या पायाला पट्टा बांधला होता. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत आणि दिली तर त्यावर तारीख नसते, हे मला कॅशियर म्हणून बघवत नाही. पॅकेज ४५ दिवसांत संपवावं लागतं, जानेवारीत स्क्रू काढला तेव्हा माझी चार सेशन बुडली होती, भांडल्यावर परत दिली, पण भांडावं लागलं.

फी सांगते. एक सेशन ३००, दहाचं पॅकेज २,७००. माझी चौदा महिन्यांत ११२ सेशन झाली, ११ पॅकेज आणि दोन सुटी, म्हणजे ३०,३००. सुरुवातीला आठवड्याला चार-पाच दिवस, स्क्रू काढल्यानंतर तीन, जुलैपासून आठवड्यातून एकदा, शेवटी पंधरा दिवसांतून एकदा. आमच्या मेडिक्लेममध्ये यातला एक रुपया मिळाला नाही, दवाखान्यात ॲडमिट असतानाचंच मिळालं, तेव्हा तुमची पॉलिसी आधी वाचा. जमेची बाजू ही की जेव्हा गरज संपत आली तेव्हा त्यांनीच सेशन कमी केली. मी अजून एक पॅकेज घेते म्हटलं होतं, मॅडम म्हणाल्या नको, घरी करा.

शेवटचे आकडे, जानेवारी २०२४ चे: गुडघा १४०, घोटा शून्याच्या वर १२, डावा २०. पोटरीत अजून दीड सेंटीमीटरचा फरक. एका पायावर टाच उचलणं ११ वेळा, डाव्यावर २५. थंडीत सकाळी नडगी ठणकते, हवा बदलली की मला रेडिओच्या आधी कळतं. जोरात चालले की अजून किंचित लंगडते, ओळखीच्यांनाच कळतं. रॉड काढायचा का विचारलं तर सर्जन म्हणाले त्रास नसेल तर घाई नाही, मी तूर्त ठेवलाय. जिना ३५ सेकंद, कठड्याला हात न लावता, मोबाईलवर मिस्टरांनी मोजलाय.

वेळ सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ८, रविवारी बंद. सकाळी गेलात तर मॅडम स्वतः भेटतात. जुने एक्सरे घेऊन जा, शरीरात धातू असेल तर सांगा, बायकांनी सैल पंजाबी ड्रेस किंवा पायजमा घालून जा, साडीत व्यायाम होत नाही. आणि जिन्याखाली उजव्या हाताला, मीटरच्या पेटीच्या मागे, एक बेल आहे. ती दाबा, वरून मुलं खुर्ची घेऊन येतात. आम्हाला ती दीड महिन्यानंतर दिसली.